क्लेर्सिनाचं झाड

मोर्न जिलेप डोंगरावरच्या प्रेनोरनं आयुष्यात तीनशेच्या वर चित्रं काढली असतील. सगळी आमच्या डोंगरांची. वर आकाश, त्याखाली एकामागे एक कलंडलेले डोंगर, मधे दरी, दरीच्या टोकाला बोटभर समुद्र, वाटेनं बाजाराला निघालेल्या बायका आणि डाव्या बाजूला एक भलं मोठं नीरफणसाचं झाड. झाड जवळजवळ प्रत्येक चित्रात असायचंच. राजधानीतले लोक म्हणत, झाड दिसलं की समजावं चित्र प्रेनोरचं.

डोंगरावर मात्र त्या झाडाबद्दल कोणी बोलत नसे. प्रेनोर ओलं चित्र कुंपणाला टेकवून वाळत ठेवी. येणारी-जाणारी माणसं थांबून आकाश बघत, बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्यांत काय काय आहे ते एकमेकांना दाखवत, आणि नजर डाव्या बाजूला गेली की गप्प होऊन चालू लागत.

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची नाळ अंगणात पुरतात आणि त्यावर रोप लावतात. ते झाड त्या मुलाचं. माणूस आजारी पडलं की घरचे आधी झाडाला पाणी घालतात, मग वैद्याला बोलावतात. प्रेनोरचं झाड कडू संत्र्याचं. घरामागे, बुटकं, काटेरी. त्याच्या थोरल्या बहिणीचं, क्लेर्सिनाचं, झाड नीरफणसाचं. पुढच्या अंगणात, थेट दरीच्या तोंडाशी. टोपलीएवढी पानं, आणि वर्षातून दोनदा इतकी फळं की शेजारी मागायला येण्याआधी पाठवावी लागत.

त्या झाडानंच प्रेनोरला वाढवलं म्हटलं तरी चालेल. बाप ऊसतोडीला सरहद्दीपलीकडे गेला तो गेलाच. आई गेली तेव्हा प्रेनोर सहा वर्षांचा आणि क्लेर्सिना अकराची. ती अख्खा नीरफणस निखाऱ्यांत घालायची, साल काळी ठिक्कर पडली की काठीनं ओढून घ्यायची आणि दोन दगडांत दाबून फोडायची. आतला मऊ लोण्यासारखा भाग भावाला, कडेचा करपलेला स्वतःला. “मला करपलेलंच आवडतं,” असं ती म्हणे. प्रेनोरला ते मोठा होईपर्यंत खरं वाटायचं.

रंगही तिनंच आणून दिले. ती खाली किनाऱ्यावरच्या जाक्मेल गावी एका घरी धुणं धुवायला जायची. त्या घराची दारं रंगवून झाल्यावर डब्याच्या तळाशी निळा रंग उरला होता. तो तिनं सार्डिनच्या रिकाम्या डब्यात ओतून, वर केळीचं पान बांधून, चार तास डोंगर चढून आणला. प्रेनोर तेव्हा चौदाचा. त्यानं घायपाताचा देठ दगडानं ठेचून त्याचा कुंचला केला आणि घराच्या दाराला आतल्या बाजूनं समोरचे डोंगर काढले. सगळे निळे, कारण दुसरा रंगच नव्हता. शेजारी बघायला आले.

“काय रे प्रेनोर, डोंगराला हुडहुडी भरलीय का?”

“झाकायला घोंगडी काढ बाबा एखादी!”

क्लेर्सिना म्हणाली, “हसा. पण कुठला डोंगर कुठला ते प्रत्येकाला ओळखता आलं ना?” ते मात्र आलं होतं.

पुढे तो जाक्मेलला बसगाड्या रंगवायला लागला. शिकवलं कोणी नाही. एकदा पिवळ्याचा डबा निळ्यात लवंडला आणि हिरवा रंग कसा होतो ते त्याला कळलं. त्या दिवशी तो जेवला नाही, नुसता डब्यात बघत बसला. सात वर्षं गाड्यांवर फुलं आणि संत काढले, मग कंटाळून वर घरी आला आणि पुन्हा डोंगरांना लागला. त्याची रीत ठरलेली. फळीच्या वरच्या कडेपासून सुरुवात करायची आणि खाली येत जायचं. एकदा खाली आलं की वर परत हात लावायचा नाही. झाडाचं पान न् पान वेगळं काढायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, जे समोर दिसतं तेच काढायचं. ढग आला तर थांबायचं. बाजारवाट रिकामी असेल तर बायका येईपर्यंत कुंचला खाली. याचा त्याला भारी ताठा होता. “माझ्या चित्रात खोटं पान सापडलं तर चित्र फुकट न्या,” असं तो म्हणायचा.

तो चोवीस वर्षांचा असताना क्लेर्सिना नावेतून समुद्रापलीकडे नासावला गेली, तिथल्या हॉटेलात चादरी धुवायला. निघताना तिनं झाडाच्या बुंध्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, “फळं खा, वाट, पण याला जप. तिकडे मला काही झालं तर आधी याला कळेल.”

दोन वर्षांनी राजधानीतला एक चित्रांचा व्यापारी वर आला. चर्चपर्यंत मोटारनं आणि पुढे खेचरावर, पांढरे बूट सांभाळत. त्यानं अंगणातली चित्रं एकेक करून पाहिली.

“हात चांगला आहे तुझा. पण दरी अर्धीच का रे काढतोस?”

“मधे झाड आहे ना, साहेब.”

“मग झाड काढून टाक. अख्खी दरी दिसू दे. तशी दहा चित्रं दे, मी परदेशी पाठवतो.”

एवढं बोलून तो खेचरावर बसून गेला. तो चित्राबद्दल बोलत होता. कोणालाही ते कळलं असतं. पण प्रेनोरला न दिसलेलं रंगवता येत नव्हतं आणि दिसलेलं वगळता येत नव्हतं. झाड मधे आहे तोवर त्याला दरी अर्धीच दिसणार, आणि अर्धीच काढता येणार. आठ दिवस तो अंगणात डावीकडे सरकून बघत होता, उजवीकडे सरकून बघत होता. छपरावर चढूनही बघितलं. प्रत्येक ठिकाणाहून झाड आडवं येत होतं.

गुरुवारी खाली ओस्तेंच्या ज्वारीच्या शेतात इर्जिक होती. अख्खा डोंगर खुरपणीला गेला. ओस्तें म्हातारा बांधावर बसून ढोल वाजवी आणि त्या ठेक्यावर पन्नास कुदळी एकदम उठत, एकदम पडत. प्रेनोरनं तापाचं निमित्त सांगितलं आणि घरी राहिला. सगळी माणसं उताराआड गेल्यावर त्यानं कुऱ्हाड काढली.

नीरफणसाचं लाकूड मऊ. दुपारपर्यंत झाड दरीत आडवं झालं. पण त्या झाडाला चीक फार. दुधासारखा पांढरा चीक त्याच्या कोपरापर्यंत ओघळला आणि वाळून काळा पडला. पाण्यानं निघेना. संध्याकाळी इर्जिकीच्या जेवणाला गेलं नाही तर लोक चौकशीला येतील, म्हणून तो हात खिशात घालून गेला.

“प्रेनोर, ताप उतरला का?” ओस्तेंनी विचारलं.

“उतरला.”

“बरं झालं. दुपारभर वर कोणीतरी बेताल ठोकत होतं बघ. माझा ढोल दोनदा चुकला.”

एरवी अशा बोलण्यावर पंगत खदखदून हसली असती. त्या दिवशी सगळे ताटाकडे बघत जेवत राहिले. वाढायला प्रेनोरची शेजारीण विलिया होती. तिच्या थोरलीचा तो धर्मबाप, म्हणून तो तिला कोमे म्हणे आणि ती त्याला कोंपे. तिनं त्याच्यापुढे मक्याच्या घाट्याचं ताट ठेवलं. त्याचे हात खिशातून बाहेर येईनात. ती आत गेली, रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी आणून तिनं ताटाखाली सरकवली आणि पुढच्याला वाढायला निघून गेली. प्रेनोर त्या चिंधीकडे बघत बसला. घाटा गार झाला.

चार दिवस खपून त्यानं खोड खणून काढलं आणि जमीन सारखी केली. मग मोकळी दरी समोर ठेवून दहा चित्रं काढली. व्यापारी आला, चित्रं पाहिली आणि मग अंगण पाहिलं.

“झाड कुठं गेलं?”

“तुम्ही म्हणालात ना साहेब, काढून टाक.”

व्यापारी इतका हसला की त्याला खेचराचा आधार घ्यावा लागला. “अरे येड्या, चित्रातून! चित्रातून काढ म्हणालो होतो मी!” डोळे पुसून त्यानं दहाही चित्रं परत दिली. “आणि खरं सांगू? झाड होतं तेच बरं होतं. ही तर कोणीही काढेल.”

तेव्हापासून प्रेनोर आठवणीतून ते झाड काढू लागला. न दिसलेलं पान न काढणारा माणूस रोज हजार पानं अशी काढू लागला, जी कुठेच नव्हती.

त्याच वर्षी नासावहून कॅसेट आली. आमच्याकडे लिहिता-वाचता येणारे कमी. परदेशातलं माणूस कॅसेटवर बोलून पाठवी आणि इथले त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर उत्तर भरत. डोंगरावर यंत्र एकच, विलियाकडे. क्लेर्सिनाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

“प्रेनो, मी दवाखान्यात आहे. पायात विष भरलंय म्हणतात. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. माझं झाड उभं आहे ना रे? ते उभं असेल तर मीही उठेन. तेवढं सांग.”

आपणच हे केलं याबद्दल प्रेनोरच्या मनात शंका उरली नाही. विलियानं यंत्राचं लाल बटण दाबलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“उभं आहे, ताई,” तो म्हणाला. “फळांनी वाकलंय.”

क्लेर्सिना उठली. पाय थोडा लंगडा राहिला, पण उठली. आता खरं कसं सांगायचं? प्रत्येक कॅसेटवर ती झाडाचं विचारी आणि तो सांगे, औंदा मोहर चांगला आहे, औंदा वाऱ्यानं दोन फांद्या गेल्या. फांद्यांचं तो मुद्दाम सांगे. खऱ्यासारखं वाटावं म्हणून. चौथ्या वर्षी तिनं मागितलं, “तुझ्या तोंडून पुष्कळ ऐकलं. आता झाडाचाच आवाज भरून पाठव. पानांचा.”

प्रेनोर यंत्र उचलून विलियाच्या परसात गेला, तिच्या ॲव्होकाडोच्या झाडाखाली.

“कोंपे, हे माझ्या झाडाच्या गळ्यात का बांधतोस?”

“एवढ्या वेळेला, कोमे.”

“त्याची पानं बघितलीस का, केवढीशी आहेत?”

“वाऱ्याला काय कळतंय पान केवढं ते!”

डोळ्यांचा माणूस तो, कानांचा नव्हे. वाऱ्याची वाट बघून त्यानं कॅसेटची एक अख्खी बाजू भरली आणि पाठवून दिली. त्यानंतर क्लेर्सिनानं झाडाचं कधी विचारलं नाही. तिचं समाधान झालं असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्यावर त्याला झोप लागू लागली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत हीच सगळ्यात लाजिरवाणी. त्याला झोप लागू लागली.

झाड तोडल्याला अकरा वर्षं झाली तेव्हा क्लेर्सिना न कळवता घरी आली. शनिवारची सकाळ होती. प्रेनोर अंगणात फळी लावून बसला होता. आकाश झालं होतं, डोंगर झाले होते, झाड अर्ध्यावर आलं होतं. कुंपणाबाहेरून आवाज आला.

“मान!”

परक्याच्या अंगणात शिरण्याआधी आमच्याकडे असं पुकारतात, आणि घरच्यानं ‘आदर’ म्हटल्यावाचून कोणी आत पाऊल टाकत नाही. स्वतःच्या घरी कोणी पुकारत नाही. प्रेनोरनं वळून पाहिलं. दोन पिशव्या, पांढरे झालेले केस, एका पायावर भार देऊन उभी असलेली त्याची बहीण. ‘आदर’ हा शब्द त्यानं जन्मभरात हजारदा म्हटला असेल. त्या वेळी त्यानं तो म्हटला नाही, कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

ती पुन्हा म्हणाली, “मान!”

शेवटी पलीकडून विलियाच ओरडली, “आदर, आदर! ये गं बाई माझी! स्वतःच्या दारात काय पुकारतेस?” आणि धावत कुंपणाशी आली.

क्लेर्सिना आत आली. दरीच्या तोंडाशी मोकळी जागा होती तिकडे तिनं पाहिलं. मग फळीवरच्या चित्राकडे पाहिलं. मग पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावरच बसली.

प्रेनोरनं हे वाक्य सात-आठ वर्षं तयार ठेवलं होतं. “गेल्या साली मोठं वादळ झालं ना, ताई...”

“हं. किती वाजता पडलं?”

“काय?”

“झाड. सकाळी की दुपारी?”

“सकाळी... पहाटेच.”

“कुठल्या अंगाला?”

“दरीकडे.”

“तू बघितलंस पडताना?”

“बघितलं ना. मूळच उखडलं.”

विलियानं कुंपणावर हात ठेवून मान खाली घातली. क्लेर्सिना भावाकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि म्हणून प्रेनोरला जास्तच भीती वाटली.

“प्रेनो, नीरफणसाचं पान वाऱ्यानं कसं वाजतं ठाऊक आहे? ओलं गोणपाट झटकावं तसं. मी त्याच्याखाली वीस वर्षं झोपले. तू पाठवलंस ते नुसतं कुजबुजत होतं. कोणाचं झाड होतं ते?”

“माझं,” विलिया म्हणाली. “ॲव्होकाडोचं. मलाही पदरात घे, बाई.”

“म्हणजे ताई, तुला तेव्हापासून...” प्रेनोर म्हणाला.

“सात वर्षं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून. कॅसेट आली की वाटायचं, या खेपेला सांगेल. तू नव्या रंगांचं सांगायचास. मी शेवटपर्यंत ऐकायचे, टेप संपून खरखर सुरू झाली तरी. म्हटलं, शेवटी शेवटी तरी सांगेल.”

प्रेनोरच्या हातातला कुंचला थेंब थेंब गळत होता. त्यानं तो खाली ठेवला नाही. उचलून धरण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

“मी तोडलं,” तो म्हणाला.

“का?”

“दरी दिसत नव्हती.”

“मग दिसली?”

“दिसली.”

“काढलीस?”

“काढली. कोणाला आवडली नाही.”

विलियाच्या तोंडून काहीतरी निघालं, हसू की हुंदका ते तिलाही कळलं नसेल. क्लेर्सिनानं त्या मोकळ्या जागेकडे पुन्हा पाहिलं. मग तिनं जो प्रश्न विचारला तो डोंगरावर कोणी विचारला नव्हता, आणि कोणी विचारू नये म्हणून प्रेनोर देवाला मेणबत्त्या लावत आला होता.

“नीरफणस मुळातून फुटतो. खोड काढलं तरी जमिनीत मुळं राहतातच. फुटवे आले असतील.”

“आले.”

“किती?”

“पहिल्या वर्षी सहा. नंतर दोन-तीन.”

“त्यांचं काय केलंस?”

प्रेनोरनं दरीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं. “उपटले. तीन वर्षं उपटले. हातभर झाड दिसलं असतं तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं असतं, मोठं कुठं गेलं. मग यायचे थांबले.”

क्लेर्सिना उठली. चित्राजवळ गेली आणि अर्ध्या झालेल्या झाडाच्या एकेका पानावरून, न शिवता, बोट फिरवत राहिली. पानं हुबेहूब होती.

“अशी किती काढलीस?”

“मोजली नाहीत. सगळ्यांत आहे.”

“हे झाड माझं आहे, प्रेनो. तोडताना विचारलं नाहीस. रंगवताना तरी विचारायचंस.”

“माफी नाही मागत मी, ताई. मागायला तोंड नाही.”

“बरं करतोस. आणि यापुढे ते काढायचं नाही.”

तिनं पिशव्या उचलल्या आणि कुंपणातल्या फटीतून विलियाच्या घरी राहायला गेली.

रविवारी चर्चपुढे प्रेनोरनं ओस्तेंना गाठलं आणि चार माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाला, “ते झाड मी तोडलं होतं.”

“ठाऊक आहे, प्रेनोर,” म्हातारा म्हणाला. “ढोल मीच वाजवत होतो.”

प्रेनोरच्या चित्रांतून झाड गेलं. मागणी घटली, माणसं विचारत, त्यावर तो एवढंच सांगे, “ते झाड माझं नाही.” आता तो दिसतं तेच काढू लागला. मोकळं अंगण, उघडी दरी. पण पूर्वीसारखा वेग राहिला नव्हता. कधी कधी दिवसच्या दिवस फळी कोरी असे.

रोज सकाळी मात्र कॉफी करून तो विलियाच्या अंगणात न्यायचा. क्लेर्सिना कप घ्यायची, प्यायची, रिकामा परत द्यायची. बस म्हणत नसे, आणि तो बसत नसे. असे पाच महिने गेले.

एका सकाळी दोघी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. विलियाला त्याचं ते खांबासारखं उभं राहणं बघवेना. ती म्हणाली, “बस की रे, कोंपे. तुझ्यामुळे आमच्यावर सावली पडतेय.”

त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती शेंगांतच होती. “जातो,” तो म्हणाला. “चित्र ओलं आहे, कोंबड्या लागतील.”

तो कुंपणापर्यंत गेला आणि थांबला. घरात कोरी फळी होती. इतकं बारीकसं खोटं, कोणालाही न लागणारं, आणि तोंडातून किती सहज गेलं होतं! तो मागे वळला आणि दोघींपुढे येऊन उभा राहिला.

“चित्र ओलं नाहीये, ताई. आज काही काढलंच नाही. कालही नव्हतं काढलं.”

क्लेर्सिनाचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही.

“बरं,” ती म्हणाली, आणि पुन्हा सोलायला लागली.

टोपली अजून निम्मी भरलेली होती. प्रेनोरनं वाकून मूठभर शेंगा घेतल्या आणि उभ्याउभ्याच सोलू लागला. दाणे तो तिच्या पातेल्यात टाकत होता, एकेक करून, आवाज न होईल असे.